मुलखाची दुसरी आवृत्ती

मे लागला की सोलापुरात सकाळी दहालाच दुपार होते, आणि मग ती संध्याकाळी सहापर्यंत उठायचं नाव घेत नाही. रस्ते रिकामे होतात. सात रस्त्याच्या चौकातसुद्धा रिक्षावाले झाडाच्या सावलीत पाय वर घेऊन पडलेले असतात. घरात पंख्याचा वारा गरम, नळाचं पाणी गरम. अशा वेळी मोठ्या माणसांनी आडवं व्हावं आणि मुलांनी आवाज न करता काहीतरी खेळावं, अशी आमच्या गावाची फार जुनी रीत आहे. मोठी माणसं आडवी होतात. मुलं मात्र आवाज करतातच.

माझी नात इरा पुण्याहून सुट्टीला आली आहे. तिनं आमच्या इमारतीतली तीन पोरं जमवली आहेत आणि माझा हॉल बळकावला आहे. मधोमध एक जाडजूड पुस्तक, वीस बाजूंचे फासे, चिवड्याची वाटी. इरा सांगते, "समोर जळका किल्ला आहे, दारात कुणी नाही." बाकीचे आपापला माणूस काय करतो ते बोलतात. कुणी योद्धा, कुणी जादूगार. बोलण्यानं भागेना की फासा टाकायचा. पुस्तकात सगळे नियम आहेत, आणि पोरं ते वकिलासारखे एकमेकांच्या तोंडावर फेकतात.

परवा त्यांच्यातला पार्थ तापानं पडला म्हणून आला नाही, आणि त्याच्या योद्ध्याचं काय करायचं यावर तासभर वाद झाला. तेवढ्यात इराच्या मोबाइलवर एक प्रश्नावली आली. पुस्तक काढणारे म्हणे नवी आवृत्ती काढताहेत, आणि खेळणाऱ्यांना विचारताहेत की पुढच्या पुस्तकात तुम्हाला काय हवं. पोरांनी मागण्यांचा पाऊस पाडला. तलवारी वाढवा, नियम कमी करा, चित्रं जास्त टाका. इरा मला चिडवायला म्हणाली, "आजी, तुला काय हवं गं पुढच्या आवृत्तीत?"

मी हसले. हसता हसता मला शहाबादी फरशीवर शिंपडलेल्या पाण्याचा वास आला. आमच्या घरात आता शहाबादी फरशी नाही. तो वास पन्नास वर्षांपूर्वीचा होता.

आम्ही तेव्हा विणकरांच्या वस्तीला लागून भाड्यानं राहत होतो. वडील सरकारी कचेरीत कारकून, घर तीन खोल्यांचं. मधली खोली बिनखिडकीची, फक्त वर एक झरोका. उन्हाळ्यात आई जेवणं झाली की तिथल्या फरशीवर पाणी मारायची आणि आम्हाला आत लोटायची. बाहेर गल्लीभर मागांचा आवाज चालू असायचा, खटाक-खटाक, खटाक-खटाक. हा आवाज सोलापूरच्या पोरांना ऐकू येत नाही. तो थांबला की मात्र कळतो. त्या खोलीत पोटावर पडलं की गार फरशी पोटाला लागायची, झरोक्यातून उन्हाची एक काठी तिरकी आत यायची आणि तिच्यात कापसाचं तूस तरंगत राहायचं. त्या तुसाकडं बघत आम्ही मुलूख खेळायचो.

मुलूख हा आमचा खेळ. कुणी शिकवला नव्हता, विकत आणला नव्हता. खरं तर गप्पाच त्या. एकानं सांगायचं, "समोर नदी आहे, नावाडी झोपलाय." बाकीच्यांनी आपापला माणूस काय करतो ते सांगायचं. वाद झाला की फोडलेले चिंचोके टाकायचे, पांढरी बाजू किती वर येते त्यावर नशीब ठरायचं. माझं अक्षर चांगलं आणि मला हरायला अजिबात आवडत नसे, म्हणून सांगणारी कायम मीच. सांगणारा कधी हरत नाही, हे मला फार लवकर कळलं होतं.

खेळणारे तिघं. एक दादू, माझा आतेभाऊ, सुट्टी लागली की जेऊरहून पॅसेंजरनं भाजक्या शेंगांची पिशवी घेऊन येणारा. दुसरी शेजारची मुमताज. तिसरी लच्छू, पलीकडच्या गल्लीतल्या विणकरांची, माझ्याच वर्गातली. तिच्या घरी तेलुगू बोलत, आमच्यात आली की ती मराठी बोलायची आणि रागावली की पुन्हा तेलुगू. दादूचा माणूस गाडीवान होता, मुमताजचा मसाल्याचा व्यापारी. लच्छू आमच्यात सगळ्यांत बारकी, आणि तिनं घेतली होती साठ वर्षांची म्हातारी. मी विचारलं होतं, म्हातारीच का? तर म्हणाली, म्हातारीला कुणी काम सांगत नाही. तिच्या म्हातारीच्या कनवटीला सुई असायची आणि हातात दोऱ्याचा गुंडा, आणि मुलखातली प्रत्येक वाट तिला ठाऊक होती.

पहिल्या वर्षीचे नियम मी शाळेच्या वहीच्या उरलेल्या पानांत लिहिले होते. ती वही कुणीतरी माठाखाली ठेवली. पुढच्या मे महिन्यात उघडली तर सगळ्या पानांवर निळे ढग. दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती, म्हणजे पंच्याहत्तरचा उन्हाळा असावा तो. दादू स्टेशनवरून घरी आला, आईच्या पाया पडला आणि पाणी प्यायच्या आधी म्हणाला, नवं पुस्तक कुटंय?

मग बसलो नवं पुस्तक करायला. आता इराच्या प्रश्नावलीकडं बघून मला वाटतं, नवी आवृत्ती म्हणजे दुसरं काय, मागच्या वर्षीची भांडणं नीट अक्षरात लिहून काढायची. दादूचं भांडण बैलाचं होतं. आदल्या वर्षी मी त्याच्या बैलाला साप चावायला लावला होता आणि चिंचोके सगळे काळे पडले होते. दादू जांभळावरून पडून हात मोडला तेव्हा रडला नाही, पण त्या बैलासाठी रडला होता. "मानूस मेला तर चालंल," तो मला म्हणाला, "बैल न्हाय मरायचा. आसं लिव." लिहिलं. मुमताजची तक्रार अशी की आमची माणसं आठ-आठ दिवस चालतात आणि जेवत नाहीत. तिनं दोन वेळचं जेवण नियमात घालून घेतलं, आणि पुढं तिचा व्यापारी जेवायला बसला की लढाई ताटकळत उभी राहायची. ती वांग्याच्या फोडी किती जाड चिरल्या इथपासून सांगायची. आम्ही ऐकायचो, कारण ऐकता ऐकता खरंच भूक लागायची.

लच्छू काही मागेना. दोन दिवसांनी तिनं मागितलं ते एवढंच, की जो आला नाही त्याचा माणूस निजलेला धरायचा, आणि बाकीच्यांनी त्याला उचलून न्यायचं.

तिचं बरोबर होतं. घरी तिला मागाच्या कांड्यांवर सूत भरावं लागे, नक्षीचे पुठ्ठे ओवावे लागत. ती उशिरा यायची, लवकर जायची, कधी दोन-दोन दिवस यायची नाही. तेवढ्या वेळात तिच्या म्हातारीचा डाव मी खेळायचे आणि गंमत म्हणून तिला काटेरी कुंपणात नाहीतर चिखलात घालायचे. पण मला तो नियम पटला नाही. असं निजवून ठेवलं तर कुणीही उठेल आणि घरी बसेल, मुलूख पुढं कसा जाणार? मी पुढं तीस वर्षं शाळेत भूमिती शिकवली, त्याची चिन्हं तेव्हाच दिसत होती. मी लिहिलं, तीन दिवस जो येणार नाही त्याच्यासाठी सांगणारानं चिंचोके टाकावेत, सगळे काळे पडले तर त्याचा माणूस मेला. लच्छूनं ते वाचलं. लिहिणारी मी होते.

हे पुस्तक भिजू नये, फाटू नये म्हणून कागदच नको, असं लच्छूचंच डोकं. तिच्या घरी चादरींचा माग होता. त्या मागाला जाड पुठ्ठ्यांची लांबच लांब माळ लागते. प्रत्येक पुठ्ठ्याला भोकं पाडलेली असतात, आणि भोकं जशी असतील तशी चादरीत एकेका ओळीनं नक्षी उठत जाते. एकामागून एक पुठ्ठा सरकतो आणि मोर होतो, कमळ होतं. हे पुठ्ठे दोऱ्यानं क्रमानं ओवायचं काम लच्छू आणि तिची आई करत. तिनं आधी जुने, मागावरून उतरलेले दोन पुठ्ठे आणले. त्यांना इतकी भोकं होती की बैलाचा नियम लिहिला तर बैलाच्या पोटातच खिडकी. मी म्हटलं, असले नकोत, कमी भोकांचे आण. लिहायला जागा पाहिजे.

हे वाक्य माझं होतं. ते मी तेव्हा वेळेवर कुणाला सांगितलं नाही, म्हणून आता लिहून ठेवते.

दुसऱ्या दिवशी तिनं बारा पुठ्ठे आणले. काय सुंदर पुठ्ठे होते. जवळजवळ कोरे, कडेला चार भोकं, मध्ये पाच-सहा. लच्छू म्हणाली, यांना भोकंच नाहीत, हे बिनकामाचे. मला ते लगेच पटलं, कारण मला ते पटायला हवं होतं. मी प्रत्येकावर एक नियम लिहिला, शाईनं, रेघा मारून. लच्छूनं घरच्यासारखे ते दोऱ्यानं ओवले. घडी घातली की विटेएवढं पुस्तक, उघडलं की फरशीवर लांब वाट.

ते पुढचे दहा-बारा दिवस आठवले की मला अजून कशाचीच घाई राहत नाही. दुपारी झरोक्यातली उन्हाची काठी हळूहळू सरकत पुस्तकापर्यंत यायची. दादू एक पुठ्ठा उचलून उन्हात धरायचा आणि भोकांतून उजेडाचे थेंब भिंतीवर पडायचे. पुठ्ठा हलवला की थेंब हलायचे, मुमताजच्या कपाळावर, लच्छूच्या वेणीवर. दादू म्हणायचा, ही मुलखाची गावं. आम्ही एकेका थेंबाला नाव देत असू. बाहेर माग चालू, आत आम्ही कुठल्याशा वाळवंटातून चाललेलो, बैलगाडी पुढं, मुमताजच्या पोत्यांना मिरीचा वास, आणि सगळ्यांत पुढं काठी टेकत म्हातारी. मला कधी कधी वाटतं की मी पुढं जे आयुष्य जगले त्यापेक्षा तो मुलूख मला जास्त नीट दिसतो. त्यातल्या विहिरी मी आजही सांगू शकेन.

मग एका सोमवारी लच्छू आली नाही. मंगळवारी नाही, बुधवारीही नाही. गुरुवारी मुमताज बातमी घेऊन आली. लच्छूच्या वडिलांनी नवी नक्षी मागावर चढवली होती, मोराची. पहिली चादर वीतभर झाली आणि बघतात तर मोराला मानच नाही. पाय आहेत, पोट आहे, पिसारा आहे, आणि डोकं थेट पाठीवर बसवलेलं. त्यांना आधी वाटलं मागाचं काहीतरी बिघडलं. अर्धा दिवस माग उघडून बसले. मग पुठ्ठे मोजले, तर बारा कमी.

मान बारीक असते. बारीक मानेला भोकं कमी लागतात. विणकराच्या घरची ती पोर आणि तिला हे कळू नये, असं मी नंतर खूप दिवस मनाशी म्हणत राहिले, जणू चूक तिचीच. पण ती पुठ्ठे ओवायची, विणायची नाही. माळ ओवणाऱ्याला मोर दिसत नाही, त्याला फक्त भोकं दिसतात.

पुढचंही मुमताजनंच सांगितलं. वडिलांनी विचारलं तेव्हा लच्छू म्हणाली, पुठ्ठे हरवले. कुणी मागितले, कुठं आहेत, काही सांगितलं नाही. आमचं पुस्तक वाचवायला ती खोटं बोलली होती. भोकं पाडून नवे पुठ्ठे देणारा माणूस कामात बुडालेला, तोवर माग बंद, आणि लच्छूला घराबाहेर पाऊल टाकायची बंदी. त्या दिवशी मला पलीकडच्या गल्लीतला एक आवाज कमी असल्यासारखं वाटलं. तसं ते कळणं शक्य नव्हतं, तरी वाटलं.

करायचं काय ते फरशीवरच पडलेलं होतं. दोरा सोडायचा, बारा पुठ्ठे उचलायचे, गल्ली ओलांडायची. शाईनं पुठ्ठ्याचं काही बिघडत नाही. मोराला मान मिळाली असती आणि लच्छू सुटली असती. दादूला हे लगेच कळलं. "देऊन टाक की," तो म्हणाला. "पुट्टंच हायती." मी म्हटलं, उद्या. मला पुस्तक सोडवत नव्हतं. त्याहून जास्त मला तिच्या वडिलांसमोर उभं राहून सांगवत नव्हतं, की माझ्या अक्षरात आहे हे सगळं. आणि उद्या म्हटल्यावर आजचा दिवस तर घालवायला हवा, म्हणून मी खेळ पुढं सुरू केला. लच्छू तीन दिवस आली नव्हती, आणि नियम म्हणजे नियम. म्हातारी नदीत कमरेएवढ्या पाण्यात उभी होती. मी चिंचोके टाकले. चारही काळे. दादू उठून बाहेर गेला आणि ओसरीवर पाठ करून शेंगा फोडत बसला.

दोन दिवसांनी लच्छू आली. आमचं कसलंसं भांडं त्यांच्याकडं राहिलं होतं, ते द्यायला तिच्या आईनं तिला पाठवलं होतं. ते तिनं उंबऱ्यात ठेवलं, पण आत आली नाही. मधल्या खोलीच्या दारातून तिला फरशीवर उघडलेलं पुस्तक दिसत होतं. हे सगळं होऊन तिनं मला एकच गोष्ट विचारली.

"माझी म्हातारी कुठं पोचली गं?"

"बुडाली," मी म्हटलं. "तीन दिवस झाले होते. नियम आहे."

"निजली होती म्हणायचं की, शकू," ती म्हणाली आणि गेली.

मला त्या क्षणी तिचा राग आला. लाज वाटली की माणसाला आधी राग येतो, हे कळायला मला फार वर्षं लागली.

उद्या करता करता मे संपला. दादू जेऊरला परत गेला, जाताना माझ्याशी नीट बोलला नाही. शाळा उघडली तेव्हा लच्छूची जागा रिकामी होती. त्याच संध्याकाळी मी पुस्तक दप्तरात घालून तिच्या घरी गेले. माग चालू होता. लच्छूच्या वडिलांनी मला बघून तो थांबवला. मी सगळं सांगितलं. मी मागितले, मी लिहिले, मी दिले नाहीत. ते पुठ्ठे हातात घेऊन एकेक वाचायला लागले. मराठी ते सावकाश वाचत. बैलाच्या नियमाला हसले. मग म्हणाले की लच्छू भिवंडीला गेली, मामाकडं. मामाचे तिथं माग आहेत, आता तिकडंच राहील ती. हे आधीच ठरलं होतं म्हणे. मी तेव्हाही त्यावर विश्वास ठेवला नाही आणि आजही मला नक्की सांगता येणार नाही.

मी विचारलं, ती चादर?

"ती घेऊन गेली की लच्छू," ते म्हणाले. "बोलली, हा मोर मलाच द्या. मान नाही तर ओरडत नाही, झोप चांगली लागते."

नवे पुठ्ठे करून झाले होते. त्यांनी माझे माझ्या हातात परत ठेवले आणि म्हणाले, ठेव, खेळा. त्यांनी रागावायला हवं होतं. तसं झालं असतं तर मी ते केव्हाच विसरले असते.

मुलूख पुन्हा कधी खेळलो नाही. पुठ्ठे आईनं धान्याच्या डब्यांखाली घातले आणि तिथं त्यांना वाळवी लागली. लच्छूच्या घरचेही पुढच्या वर्षी भिवंडीला गेले, पत्ता कुणाकडं नव्हता. मला अजून एक सवय आहे. चादरीच्या दुकानात गेले की दुकानदार भाव सांगत असतो आणि मी मोराची मान बघत असते. सगळ्यांना माना असतात. मी चादर न घेता परत येते.

तर इरानं विचारलं, पुढच्या आवृत्तीत काय हवं. मला वाटतं खेळणारे मागतात तलवारी, मागतात बैल, मागतात जेवण, आणि ते द्यावंच. पण त्या सगळ्याखाली प्रत्येकाला एकच हवं असतं, की मला यायला उशीर झाला तर मला टाकून जाऊ नका. हे पुस्तकात लिहून मिळावं एवढंच त्याचं म्हणणं असतं. आणि लिहिणाऱ्याच्या हातात ते असतं, अगदी सोपं असतं, एका पुठ्ठ्यावर मावतं. मी इराला सांगितलं, लिही. जो आला नाही त्याचा माणूस निजलेला धरावा, आणि बाकीच्यांनी त्याला उचलून न्यावं.

"इतकंच?" तिनं विचारलं.

इतकंच, म्हटलं. मग तिनं विचारलं की हा कुणाचा नियम, तेव्हा लच्छूचं नाव सांगितलं. बाकी काही सांगितलं नाही. म्हातारीचं आणि नदीचं तेवढं सांगितलं.

आज दुपारी पुन्हा डाव बसला. पार्थचा ताप उतरलेला नाही, म्हणून त्याचा योद्धा दोघांनी खांद्यावर घेतला आहे, आणि त्याचं चिलखत किती जड आहे यावर कुरकुर चालू आहे. मी शेजारी खुर्चीत डोळे मिटून पडले होते. पंखा गरम वारा फिरवत होता. इरा सांगत होती की किल्ला मागं पडला, आता वाळू, आता नदी. पाणी उतरलं आहे. काठावर कुणीतरी दिसतंय.

"कोण?" एकानं विचारलं.

"एक म्हातारी," इरा म्हणाली. "हातात दोऱ्याचा गुंडा आहे. निजलीय."

मी डोळे उघडले नाहीत. मग त्यांच्यातला एक बारका मुलगा, जो एरवी सगळ्यांत जास्त ओरडतो, तो अगदी हलक्या आवाजात बोलला.

"तू पायाकडून धर, मी डोक्याकडून. हळू रे, जाग येईल तिला."